रशियाचे कापड आणि कॉम्प्युटरचा हिशोब

सोव्हिएत रशियाची सरकारी अर्थव्यवस्था बुडाली ती हिशोबाला कॉम्प्युटर अपुरे पडले म्हणून. आजची यंत्रे असती तर मॉस्कोत बसून साऱ्या देशाचा माल आखता आला असता, असे सुशिक्षित मंडळीही बोलतात. आम्ही कापडवाले, तेव्हा कापडाच्याच अंगाने याकडे पाहतो.

हिशोबाला तेथे डोकी कमी नव्हती. लेनिनग्राडचे गणिती कांतोरोविच यांनी १९३९ साली प्लायवुडच्या यंत्रांवर काम कसे वाटावे हा सवाल सोडवता सोडवता नवी गणितपद्धतच काढली. १९७५ साली त्यांना नोबेल मिळाले. कीव्हचे ग्लुश्कोव्ह यांनी १९६२ पासून देशभर कॉम्प्युटरचे जाळे उभारण्याची योजना मांडली; १९७० साली वरिष्ठांनी ती पुरी मंजूर केली नाही. खात्याखात्यांची ओढाताण, दुसरे काय!

पण समजा, जाळे उभे राहिले असते. त्यात आकडे कोण भरणार? कारखान्याचा मॅनेजर आपली खरी ताकद वर कळवीत नसे. कळवली की पुढच्या साली लक्ष्य वाढे आणि बोनस धोक्यात येई. कच्चा माल मात्र गरजेहून जास्त मागायचा. कापडाचे लक्ष्य लांबीच्या मीटरवर असले की कमी पन्ह्याचे कापड विणून आकडा भरायचा. यंत्रमागवाल्या बांधवांना हे समजावून सांगायला नकोच. कागदावर मीटर पुरे, शिंप्याच्या हाती कपडा अपुरा. असा आकडा घेऊन यंत्र चुकीच्या मालाचा बिनचूक हिशोब करील.

पोलंडचे अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांच्या १९६७ साली छापलेल्या लेखात बाजाराला कॉम्प्युटरपूर्वीचे जुने हिशोबी यंत्र म्हटले आहे. आम्हाला हे पटत नाही. थान उलगडून बोटांनी चाचपल्याशिवाय आपल्याला काय हवे हे गिऱ्हाईकालाच ठाऊक नसते. मोठ्या दुकानांचे कॉम्प्युटर आज माल बारकाईने आखतात खरे, पण त्यांच्याकडे येतो तो बिलाचा आकडा, म्हणजे गिऱ्हाईकाने पैसे मोजल्यानंतरचा.

रशियातही न खपलेल्या कपड्यांचे ढीग साचले तेव्हा १९६४ साली मॉस्कोचा ‘बोल्शेविच्का’ आणि गॉर्की शहरातील ‘मायाक’ या दोन शिलाई कारखान्यांना मोकळीक मिळाली. दुकानदारांची ऑर्डर येईल तसा माल काढावा, असे ठरले. पुढच्याच साली ही पद्धत शेकडो कारखान्यांना लागू झाली. मात्र त्यांना कापड पुरवणाऱ्या गिरण्यांपैकी पुष्कळ जुन्याच लक्ष्याला बांधलेल्या होत्या. दुकानदार मागेल तो रंग आणि ते कापड शिलाईवाल्यांनी आणायचे कोठून?