दहा मिनिटं चालू ठेवली की बॅटरी टिकते?

डिसेंबर जवळ आला की मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या मराठी घरांत भारताची तिकिटं निघतात, बॅगा वजन करून भरल्या जातात आणि गाडीची किल्ली शेजाऱ्याकडे जाते. किल्लीबरोबर एक सूचनाही जाते: “तीन-चार दिवसांनी नुसती दहा मिनिटं चालू करून ठेवा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही.” सूचना देणारे बहुधा इंजिनिअर असतात. चार आकडे कागदावर मांडून बघायची तसदी मात्र त्यांच्यापैकी फारसं कोणी घेत नाही, म्हणून ते इथे मांडतो.

उभ्या गाडीतही वीज खर्च होतच असते. अलार्म, किल्लीच्या सिग्नलकडे कान लावून बसलेला रिसीव्हर, कॉम्प्युटरची मेमरी या सगळ्यांना बॅटरी पोसते. हा खर्च ५० मिलिअँपिअरपर्यंत असला तर मेकॅनिक त्याला दोष मानत नाहीत. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, चार आठवड्यांत सुमारे ३४. साध्या कारची बॅटरी ५० ते ६० अँपिअर-तासांची असते, म्हणजे निम्म्याहून जास्त साठा संपला. आता शेजारी येऊन सेल मारतो. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, पण दोन-तीन सेकंदच, त्यामुळे खर्च होतो जेमतेम ०.२ अँपिअर-तास. पुढची दहा मिनिटं इंजिन आयडलवर असतं. तेव्हा अल्टरनेटर त्याच्या क्षमतेपेक्षा बराच कमी प्रवाह देतो आणि त्यातही ब्लोअर, दिवे, मागच्या काचेचा हीटर हे वाटेकरी असतात. शिवाय गारठलेली बॅटरी चार्ज घ्यायलाच कुरकुर करते, कारण थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. तरी उदार होऊन धरू की १० अँपिअर बॅटरीत गेले. दहा मिनिटांचे झाले १.७ अँपिअर-तास, सेलचा खर्च वजा जाता दीड. ही भरपाई सव्वा दिवसाची. चार दिवसांत खर्च मात्र जवळजवळ पाच झालेला. शेजारी कितीही नेमाने आला तरी खातं तोट्यातच राहतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “आमची गाडी तर दरवर्षी अशीच सुरू होते.” होत असेल. बऱ्याच गाड्यांचा उभ्या-उभ्या होणारा खर्च ५० मिलिअँपिअरच्या बराच खाली असतो, आणि दोन वर्षांची धडधाकट बॅटरी तीन-चार आठवडे कोणी हात न लावताही निभावून नेते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला असा हा प्रकार, श्रेय मात्र दहा मिनिटांना. दुसरा आक्षेप जरा बरा आहे: मग रोजच चालू केली तर? रोज केली तर आकड्यांत जेमतेम बरोबरी होते, पण ती किंमत इंजिन मोजतं. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनातून झालेली वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते. गाडी रस्त्यावर अर्धा तास पळाली की ऑइल तापतं आणि हे पाणी, हे पेट्रोल उडून जातं. ड्राइव्हवेत दहा मिनिटं गुरगुरणाऱ्या इंजिनचं ऑइल तेवढं तापतच नाही, त्यामुळे रोजचं पाणी कालच्या पाण्यात पडत राहतं.

हा समज आला कुठून, तेही उघड आहे. पद्मिनी, ॲम्बॅसडर, सुरुवातीची मारुती ८०० या कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या. चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा आणि गाडी ‘गरम’ होईपर्यंत थांबायचं, ही तेव्हाची खरी गरज होती. नाहीतर चौकात गाडी बंद पडायची. अमेरिकेतल्या नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर १९९० च्या आसपास गेला, भारतातल्या गाड्यांतून त्यानंतर दहाएक वर्षांनी. आता किती पेट्रोल सोडायचं ते सेन्सर ठरवतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार बहुतेक गाडी-कंपन्या ३० सेकंदांनंतर सावकाश निघायलाच सांगतात. चोक गेला, सवय तेवढी पासपोर्टाबरोबर इथवर आली.

बरं, हा सल्ला नुसता निरुपयोगी असता तर सोडून दिला असता. पण मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार (प्रकरण ९०, कलम १६अ) उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण पाच मिनिटांहून अधिक चालू ठेवता येत नाही. पहिल्या वेळी १०० डॉलरपर्यंत आणि त्यापुढे दर वेळी ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. कायद्याला अपवाद आहेत, दुरुस्तीसाठी इंजिन चालू ठेवणं भाग असलं तर, वगैरे. सुट्टीवर गेलेल्या शेजाऱ्याची बॅटरी जगवणं त्यात बसत नाही. त्याहून गंभीर गोष्ट गराजची. बाहेर बर्फ असतं म्हणून शेजारी गराजमध्येच गाडी चालू करतो आणि दार उघडं आहे म्हणून निर्धास्त असतो. घराला जोडलेल्या गराजमध्ये दार उघडं ठेवूनही इंजिन चालवू नका, असं रोग नियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, स्पष्ट सांगते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो घरात शिरतो. ड्राइव्हवेतही सायलेन्सरचं तोंड बर्फात गाडलेलं असेल तर धूर गाडीत येतो.

मग करायचं काय? गराजमध्ये प्लग असेल तर बॅटरी मेंटेनर लावून जा. जुना ट्रिकल चार्जर बॅटरी भरल्यावरही करंट ढोसत राहतो. मेंटेनर मात्र भरली की थांबतो, लागेल तेव्हा पुन्हा देतो आणि वीज इतकी थोडी खातो की सेल्कोच्या, म्हणजे गावाच्याच मालकीच्या वीज कंपनीच्या, बिलात तो शोधून सापडायचा नाही. प्लग नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. रेडिओची स्टेशनं आणि घड्याळ पुन्हा लावावं लागेल, एवढंच. शेजारी खरोखरच उत्साही असेल तर त्याला आठवड्यातून एकदा आय-२९० वरून मार्लबरोपर्यंत जाऊन यायला सांगा.

थंडीने बॅटरी मरते हाही अर्धाच खरा समज. ती मरते बहुतेक उन्हाळ्यात. उष्णतेने आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी उडतं. दुखणं जानेवारीत उघडकीला येतं, इतकंच. एएए या वाहनधारकांच्या संस्थेच्या आकड्यांनुसार ० अंश सेल्सिअसला बॅटरीचा जोर सुमारे ३५ टक्के घटतो आणि उणे १८ ला ६० टक्के. त्यात घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. नव्या बॅटरीला हे झेपतं, पाच वर्षांच्या बॅटरीला नाही. म्हणून तपासणी ऑक्टोबरमध्येच करून घ्या. ऑटो-पार्ट्सची अनेक दुकानं ती फुकट करून देतात.

बाकीचे समज झटपट उरकू. मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी उत्तम, असं नाही. भार टाकल्यावर ती किती खाली येते ते बघावं लागतं. गाडी सुरू झाली नाही की सरळ नवी बॅटरी आणणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आधी ऐका. भराभर टकटक आणि मंद दिवे असतील तर बॅटरी किंवा टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी. एकच ‘टक्’ आणि दिवे लख्ख असतील तर संशय स्टार्टरवर. सेल जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल, स्पार्क किंवा किल्लीची चिप बघा, बॅटरी निर्दोष आहे. ॲक्सिलरेटर पंप करून इंजेक्शनच्या गाडीला काहीच मदत होत नाही. टीव्हीवरच्या ‘विंड चिल’ला बॅटरी भीक घालत नाही. बॉस्टनला ४ फेब्रुवारी २०२३ ला हवा उणे १० फॅरनहाइट होती, तिथे गाडीही तेवढीच थंड होणार. वाऱ्याने फक्त लवकर होते. आणि पूर्ण उतरलेली बॅटरी उणे सात ते दहा सेल्सिअसलाच गोठते. तिची पेटी फुगलेली दिसली तर जंपर केबल लावू नका, ती फुटू शकते.