आजचें यंत्र घ्यावें कीं उद्यांची वाट पाहावी?

नवें यंत्र येणार अशी वार्ता कानीं आली कीं घरांतलें जुनें यंत्र एका रात्रींत म्हातारें दिसूं लागतें. कालपर्यंत जें निमूटपणें काम करीत होतें त्याचे दोष आज डोळ्यांत भरतात. लॅपटॉप, म्हणजे मांडीवर घेऊन चालविण्याचा संगणक, या वस्तूच्या बाबतींत तर हा अनुभव वारंवार येतो. कॉलेजांत नुकतीच दाखल झालेली मुलगी म्हणते, "बाबा, हा आतां चालत नाहीं, नवा घेऊं या." थोरला मुलगा म्हणतो, "घाई कशाला? चार महिन्यांनीं नवी चिप येणार आहे. मग याच पैशांत याहून सरस यंत्र मिळेल." वडील दोघांचें ऐकून घेतात, पासबुक उघडून पाहतात, आणि प्रश्न पुढल्या महिन्यावर ढकलतात. असे महिने सरत जातात. मुलीचें सत्र मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. पन्नास-साठ हजार रुपयांचा व्यवहार मध्यमवर्गीय घरांत हलक्या हातानें होत नाहीं, हें खरें. परंतु न घेतलेल्या निर्णयालाही किंमत पडते, आणि ती कोणत्याही पावतीवर छापलेली नसते.

हा पेंच आजकालचा नव्हे. संगणक घरोघर येण्याच्या कितीतरी आधीं तो या देशांत एका अगदीं साध्या यंत्राविषयीं पडला होता, आणि त्या गोष्टीचा बराचसा भाग वर्धा जिल्ह्यांत घडला. तें यंत्र म्हणजे चरखा. अखिल भारत चरखा संघानें १९२९ सालीं सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. अटी मोठ्या विचारानें घातलेल्या होत्या. यंत्र हलकें असावें. खेड्यांतल्या साध्या घरांत हातानें किंवा पायानें चालवितां यावें. बाईमाणसाला फारसे श्रम न होतां त्यावर आठ तास काततां यावें. तेवढ्या वेळांत बारा ते वीस नंबरचें सोळा हजार फूट सूत निघावें. किंमत दीडशें रुपयांवर जाऊं नये. यंत्र वीस वर्षें टिकावें, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा पांचांहून अधिक होऊं नये. मुदत १९३० च्या ऑक्टोबरअखेरची होती. यंत्रें तयार झालीं; किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणींही त्यासाठीं खटपट झाली. परंतु सर्व अटी एकाच यंत्रांत उतरल्या नाहींत, आणि तें लाखाचें बक्षीस कोणालाच मिळालें नाहीं.

आतां अशी कल्पना करावी कीं बक्षिसाची बातमी वाचून एखाद्या कातणाऱ्यानें ठरविलें, नवा चरखा निघाला म्हणजेच कातावयास बसूं. त्याला किती थांबावें लागलें असतें? तमिळ प्रदेशांतील एकांबरनाथ यांचा अंबर चरखा सरकारी योजनेंत येऊन देशभर पसरूं लागला तो दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभीं, १९५६ च्या सुमारास. म्हणजे सत्तावीस वर्षें गेलीं. जुन्या चरख्यावर सरावलेला हात तासाला तीनशें वार सूत सहज काढी असें धरलें, आणि रोजचा एकच तास मोजला, तरी वर्षाचें सूत १,०९,५०० वार, म्हणजे सुमारें बासष्ट मैल होतें. वर्ध्याहून नागपुरास पोंचून वर उरेल एवढा हा धागा! थांबणाऱ्याच्या हातून असा एकेका वर्षाचा धागा निसटत गेला असता. आणि नवा चरखा आल्यावरही तो परत हातीं आला नसता.

वर्ध्यानें तसें केलें नाहीं. गांधीजींनीं १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांत पेटींत मिटून ठेवतां येणाऱ्या चरख्याची घडण सुधारली. तोच पुढें येरवडा चक्र या नांवानें ओळखला गेला. वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबा भावे यांनीं साध्या तकलीवर कातण्याचे प्रयोग केले, आणि कातण्याच्या मजुरीवर निर्वाह होतो काय हेंही स्वतःवर पडताळून पाहिलें. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षण-परिषद भरली आणि मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढें आली. तेव्हां मुलांच्या हातीं आली ती सर्वांत स्वस्त अशी तकलीच. सुधारणेचें काम त्याच वेळीं चालूच होतें. पायानें चालणारा आणि दोन्ही हातांनीं दोन धागे काढणारा मगन चरखा निघाला. मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रिडमन, म्हणजेच सेवाग्रामला राहिलेले भारतानंद, यांनीं धनुष-तकली तयार केली. आणि १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचें केंद्र मगनवाडी येथें उभें राहून खेड्यांतल्या इतर अवजारांचाही विचार तेथें होऊं लागला. आजही त्याच मगनवाडींत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेचें काम चालतें, आणि सौर शक्तीवर चालणाऱ्या चरख्यापर्यंत तें पोंचलें आहे. शोध चालूं द्यावा, पण शोधाची वाट पाहत हात बांधून बसूं नये, हा या इतिहासाचा पहिला धडा.

दुसरा धडा याहून सूक्ष्म आहे. अंबर चरखा हें प्रारंभीं एकटें यंत्र नव्हतें. कापूस पिंजण्याचें धुनाई-मोढिया, पेळू ओढून सारखे करणारी बेलनी, आणि मग सूत कातणारा चरखा, अशी ती तिहेरी मांडणी होती. याचें कारण उघड आहे. पेळू खडबडीत असेल तर चाती कितीही वेगानें फिरवा, धागा तुटतोच. काम जेथें अडतें तेथेंच सुधारणा पोंचली पाहिजे. अन्यत्र केलेला खर्च व्यर्थ जातो.

लॅपटॉपला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. यंत्र मंद झालें म्हणजे चिप जुनी झाली, असें बहुतेक घरांत धरून चालतात. वस्तुतः त्याच्या पोटांत तीन निरनिराळे कामकरी असतात. चिप, म्हणजे प्रोसेसर, ही आंकडेमोड करते. मेमरी ही तिची कामाची बैठक. जें तत्क्षणीं लागतें तें तेथें मांडलेलें असतें. डिस्क हें कोठार. बैठक अपुरी पडली कीं दर खेपेस कोठाराकडे धांव घ्यावी लागते. आणि तें कोठार फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कचें असलें तर चिप कितीही चपळ असो, ती वाट पाहत बसून राहते. दोष कोठें आहे हें पाहण्यास कारागिराचीही गरज नाहीं. विंडोज कार्यप्रणालीच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो, आणि चिप, मेमरी व डिस्क यांवर किती भार आहे तें शेंकडेवारीनें दिसतें. नेहमींचें काम चालू असतां डिस्कचा आंकडा शंभराला भिडलेला आणि चिपचा वीस-तीसवर रेंगाळणारा दिसला, तर नव्या चिपची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. त्या यंत्रास हलते भाग नसलेली एस.एस.डी. जातीची डिस्क बसवावी. मेमरी अपुरी असेल तर वाढवावी. पुष्कळ जुनीं यंत्रें एवढ्यानें आणखी दोन-तीन वर्षें सुखानें चालतात. मात्र अलीकडच्या कित्येक पातळ लॅपटॉपांत मेमरी पट्टीवरच कायमची जोडलेली असते. तेथें ती वाढवितां येत नाहीं. म्हणून नवें यंत्र घेतांनाच पुरेशी मेमरी असलेलें घ्यावें.

विदर्भांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें लागतें. वैशाखांत वर्ध्याकडे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. चिप तापली कीं जळूं नये म्हणून ती आपला वेग आपणच कमी करते. आंतल्या पंख्यांत धूळ साचली असेल, चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप सुकला असेल, किंवा यंत्र गादीवर ठेवून खालचीं छिद्रें बुजलीं असतील, तर हिवाळ्यांत ठीक चालणारा लॅपटॉप उन्हाळ्यांत रडूं लागतो. सफाईनें आणि नव्या लेपानें जें साधतें त्यासाठीं नवें यंत्र घेणें म्हणजे चातीला तेल न घालतां चरखा बदलण्यासारखें आहे.

आतां नव्या चिपचा विचार करावा. इंटेल कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक, गॉर्डन मूर, यांनीं १९६५ सालीं असें निरीक्षण मांडलें कीं एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षीं दुप्पट होत आहे. १९७५ सालीं त्यांनींच हा काळ दोन वर्षांचा केला. येथूनच "थोडें थांबा, दुप्पट मिळेल" ही समजूत लोकांत रुजली. परंतु घटक दुप्पट झाले म्हणजे घरचें काम दुप्पट वेगानें होतें असें नाहीं. शिवाय नवी चिप ही एकदां येऊन थांबणारी गाडी नव्हे. ॲपल कंपनीचेंच उदाहरण घ्यावें. तिची एम-१ ही चिप २०२० च्या नोव्हेंबरांत आली, एम-२ ही २०२२ च्या जूनमध्यें, एम-३ ही २०२३ च्या ऑक्टोबरांत, एम-४ ही २०२४ च्या मे महिन्यांत आणि एम-५ ही २०२५ च्या ऑक्टोबरांत. दरेक चिप आली तेव्हां पुढची दीड वर्षाच्या आंतबाहेर उभी होतीच. जो पुढच्या चिपसाठीं थांबतो त्याला थांबण्याचें कारण कधींच संपत नाहीं.

थांबणें केव्हां लाभाचें, याचा हिशेब ॲरिझोना विद्यापीठांतील कांहीं खगोल-अभ्यासकांनीं १९९९ सालीं अर्ध्या विनोदानें, पण गणितानें करून दाखविला. यंत्राचा वेग दर अठरा महिन्यांनीं दुप्पट होतो असें त्यांनीं गृहीत धरलें. तें मानलें, तर आजच्या यंत्रावर बारा महिने चालणारें काम सहा महिने थांबून नव्या यंत्रावर केल्यास साडेनऊ महिन्यांत होईल. पण थांबलेले सहा महिने मिळवितां एकूण साडेपंधरा महिने लागतील. म्हणजे तोटाच. उलट चाळीस महिन्यांचें काम असेल तर अठरा महिने थांबून तें वीस महिन्यांत, एकूण अडतीस महिन्यांत होईल. सीमारेषा निघाली ती सुमारें सव्वीस महिन्यांची. त्याहून लहान काम आजच सुरू करावें हें उत्तम. आतां कोणत्या घरांत असें एकच काम आहे कीं जें सव्वीस महिने अखंड चालतें? मुलीचा प्रबंध, दुकानाचे हिशेब, दूरच्या नातवंडांशीं बोलणें, हीं सर्व कामें आजचीं आहेत.

थांबल्यानें किंमत तरी उतरते काय? पुष्कळदां उतरते, पण नेहमींच नव्हे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड संगणक-केंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव जगभर चढले, आणि स्वस्ताईच्या आशेनें थांबलेल्यांची निराशा झाली. जुनी चिप असलेलें यंत्र नवी चिप आल्यावर सवलतींत मिळतें, हें मात्र खरें. घरगुती कामाला तेंच बहुधा पुरून उरतें.

याचा अर्थ कधींच थांबूं नये असा नव्हे. तीन गोष्टी एकत्र असतील तर थांबणें शहाणपणाचें ठरतें. एक, हातचें यंत्र काम भागवीत असावें. दोन, नव्या यंत्राची तारीख आणि किंमत कंपनीनें स्वतः जाहीर केलेली असावी. बाजारांतली कुजबुज पुरेशी नाहीं. तीन, नव्या चिपचा विशेष गुण आपल्या अडलेल्या कामाशींच संबंधित असावा. चलच्चित्रांचें संपादन किंवा इंजिनियरी आराखडे हा ज्याचा व्यवसाय आहे त्याला नव्या चिपचा खरा उपयोग होतो. केवळ पत्रें लिहिणाऱ्यानें कृत्रिम बुद्धीच्या वेगळ्या विभागासाठीं अधिक पैसे मोजण्याचें कारण नाहीं. उलट कांहीं प्रसंगीं थांबणें धोक्याचें असतें. विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमींची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि पुष्कळशा जुन्या चिपांवर विंडोज ११ अधिकृतपणें चालत नाहीं. संरक्षणाविना अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करीत राहणें बरें नव्हे. तेथें लिनक्ससारखी मोफत कार्यप्रणाली बसवावी, नाहींतर यंत्र बदलावें.

आणि बदलावयाचें ठरलेंच, तर चरखा संघाच्या त्या अटी आजही दुकानांत बरोबर नेण्यासारख्या आहेत. घरच्या माणसाला तें सहज चालवितां येतें काय? दिवसाच्या कामाचें ठराविक माप तें पुरें करतें काय? किंमत आधीं ठरविलेल्या मर्यादेंत आहे काय? वीस नव्हे, पण निदान पांच-सहा वर्षें तें टिकेल काय? बॅटरी आणि डिस्क बदलतां येतात काय, आणि दुरुस्ती गांवांत होते काय? साठ हजारांच्या यंत्राला शेंकडा पांच म्हणजे वर्षाला तीन हजार रुपये. दुरुस्तीचा खर्च सरासरीनें याहून वर जाऊं लागला कीं जुनें यंत्र निरोप मागत आहे असें समजावें. या प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी आलीं तर आंत कोणत्या क्रमांकाची चिप आहे याची फारशी चिंता नको. तें यंत्र घरीं आणावें, आणि मुलीचा प्रबंध त्याच सायंकाळीं सुरू होऊं द्यावा.