बहात्तर तासांच्या आत

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतली पोरगी गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली. वय वीस, बी.कॉम.चे पहिले वर्ष, आई चार घरची धुणीभांडी करते. निरोध फाटला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती औषधाच्या दुकानात गेली होती. पण काउंटरवर तिघे उभे, आणि दुकानदार बापाच्या ओळखीचा. तोंडून निघाले ते डोकेदुखीच्या गोळीचे नाव. तीच गोळी घेऊन घरी परतली. आमच्यापर्यंत आली तेव्हा चौथा दिवस होता.

चौथ्या दिवशीही मार्ग होता. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर शंभरातल्या नव्याण्णवहून जास्त बायांना दिवस राहत नाहीत. आम्ही तिला एका दवाखान्यात नेले. तिथे पहिला प्रश्न, ‘लग्न झालं का?’ दुसरा, ‘आईला माहीत आहे का?’ पोरगी उठली, बाहेर गेली आणि ऑटोत बसली. पुढच्या महिन्यात पाळी चुकली. शेवटी सरकारी दवाखान्यात कायदेशीर गर्भपात झाला, सुखरूप झाला. पण परीक्षेचा एक पेपर बुडाला.

यात आमचाही दोष आहे. विहारात इतकी वर्षे आरोग्याच्या बैठका घेतल्या, पण कुटुंबनियोजनाचा विषय निघाला की लग्न झालेल्या बायांनाच थांबवून घ्यायचो. पोरींना म्हणायचो, तुम्ही जा, चहाचं बघा.

म्हणून आता सगळ्यांसमोर सांगतो. या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे औषध असते, दीड मिलिग्रॅम, एकच गोळी. आय-पिल, अनवाँटेड-७२ ही दुकानातली नावे. सरकारी गोळीला ईझी पिल म्हणतात. संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यायची. पण तिसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. जितकी लवकर, तितका भरवसा जास्त, कारण ती मुख्यतः अंडाशयातून बीज बाहेर पडणे लांबवते. बीज आधीच बाहेर पडले असेल तर तिचा उपयोग होत नाही. दिवस राहिलेलेच असतील तर ही गोळी गर्भ पाडत नाही आणि गर्भाला इजाही करत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी थोडी मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करा.

ही गोळी त्या एका वेळेपुरती. त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर ती राखण करत नाही, आणि एचआयव्हीपासून तर मुळीच नाही. वारंवार घेतल्याने वांझपण येते ही अफवा आहे, पण पाळीचे चक्र बिघडते आणि रोजच्या साधनांपेक्षा ती जास्त वेळा फसते. नेहमीसाठी निरोध, माला-एन, दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन, तांबी, हे सगळे सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आपल्या वस्तीत टीबीचे पेशंट आहेत, म्हणून एक मुद्दाम सांगतो: रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळीचा असर कमी होतो. मिरगीच्या काही औषधांचेही तसेच. अशा वेळी डॉक्टरांना औषधाचे नाव सांगा आणि तांबीबद्दल विचारा.

दुकानात होणारा एक घोळ आम्ही दोनदा पाहिला. पोरगा जातो, ‘अनवाँटेड द्या’ म्हणतो, आणि हातात पडतो अनवाँटेड-किट. ते गर्भपाताचे औषध आहे, दिवस राहिल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचे. नावे सारखी, काम वेगळे. पाकिटावरचा ७२ आकडा बघून घ्या. त्या गोळीला चिठ्ठी लागत नाही; २००५ पासून ती बिनचिठ्ठीची आहे.

‘आपल्या पोरींना हे सांगायचं? पोरी बिघडतील,’ असे एका बैठकीत एक काका म्हणाले. आम्ही त्यांना विचारले, काका, बाबासाहेबांनी हा विषय कधी काढला माहीत आहे का? समाजस्वास्थ्य मासिकात लैंगिक प्रश्नांची उत्तरे छापल्याबद्दल र. धों. कर्व्यांवर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तो पडला. आणि जुलै १९४२ मध्ये आपल्या नागपुरातच दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे संततिनियमनावर बोलल्या. बाबासाहेबांनी हजारो बायांना सांगितले की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, आणि फार मुले होऊ देणे हा अपराध आहे. काका गप्प बसले. पटले की नाही, माहीत नाही.

कायदाही बदलला आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली आणि साधन फसल्यामुळे दिवस राहिले असतील तर ‘नवरा’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आला. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लग्न न झालेल्या बाईलाही तोच हक्क आहे. अठरा वर्षे पूर्ण असतील तर तिची एकटीची सही पुरते. नवऱ्याची नाही, बापाची नाही. अठराच्या आतली असेल तर पालक लागतो आणि पोक्सोखाली पोलिसांना कळवावे लागते. पण त्याच निकालाप्रमाणे मुलीने आणि पालकाने मागितले तर डॉक्टरांनी त्या कळवण्यात तिचे नाव उघड करायची गरज नाही. जबरदस्ती झाली असेल तर कोणत्याही दवाखान्याने, खासगीनेही, उपचार फुकट आणि लगेच द्यायचे असतात. तेव्हाही या गोळीचे तास मोजले जातात.

पोरांनो, हे तुमच्यासाठीही आहे. दुकानात तुम्ही जा, तुम्हाला कोणी लग्न झालं का म्हणून विचारत नाही. आशाताईकडेही गोळी असते, पण तिच्या यादीत लग्न झालेली जोडपीच असतात, म्हणून पोरी तिच्याकडे जायला कचरतात. अडचण आली तर डागा, मेयो किंवा मेडिकलला जा, सोबत कोणी नसेल तर आम्ही येतो.

ती पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे, बुडालेला पेपर काढला. तिला विचारूनच हे लिहिले. म्हणाली, लिहा, फक्त दुकानाचं नाव नको. बापाची उधारी आहे तिथे.