जर्मनीतील प्रवेशाचे वेळापत्रक

हिवाळी सत्र : १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. बहुतेक अभ्यासक्रम याच सत्रात सुरू होतात. प्रत्यक्ष तासांना ऑक्टोबरच्या मध्यावर सुरुवात होते. अर्जाची सर्वसाधारण मुदत १५ जुलै.

उन्हाळी सत्र : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. या सत्रात प्रवेश देणारे अभ्यासक्रम कमी असतात. मुदत १५ जानेवारी. उपयोजित विज्ञान विद्यापीठांत दोन्ही सत्रे महिनाभर आधी, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चमध्ये सुरू होतात.

लवकरच्या मुदती : अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांची मुदत युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी काही महिने आधी संपते. त्यामुळे प्रत्येक अभ्यासक्रमाची तारीख स्वतंत्रपणे तपासावी लागते.

एपीएस प्रमाणपत्र : भारतातील शैक्षणिक कागदपत्रांची ही पडताळणी १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी आवश्यक झाली. अनेक विद्यापीठे ते अर्जासोबतच मागतात. म्हणून तयारीची सुरुवात येथूनच करावी.

युनि-असिस्ट : अनेक विद्यापीठांचे अर्ज ही संस्था तपासते. तपासणीस साधारण चार ते सहा आठवडे लागतात. १५ जुलैच्या मुदतीसाठी मेच्या मध्यापर्यंत अर्ज पाठवणे हिताचे.

व्हिसा : खर्चाची तरतूद दाखवण्यासाठी बहुतेक विद्यार्थी ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यासाठी वर्षाला ११,९०४ युरो ठरवण्यात आले. प्रवेशपत्र मिळताच व्हिसाचा अर्ज करावा. प्रक्रियेला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात.