सिझरनंतर दवाही आणि दुआही



आमच्या गटातल्या एका खालांची सून सिझर होऊन घरी आली. भेटायला गेले, तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळाला पाजायला उठायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. गोळ्या मात्र पाकिटात तशाच! मी विचारलं, तर म्हणाली, “ताई, सब बोलते, सब्र करो.”

मैत्रिणींनो, सब्र म्हणजे दुखणं लपवणं नव्हे. सिझर हे मोठं ऑपरेशन आहे. पोट आणि गर्भपिशवी, दोन्हींवरची चीर भरून यायची असते. आजारात उपचार घ्या, अशीच पैगंबरसाहेबांची शिकवण हदीसमध्ये आहे. दुखण्यामुळे बाई पडून राहिली, तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून गोळ्या सांगितल्या वेळी घ्यायच्याच. अंगावर पाजते, हे डॉक्टरांना सांगा; ते चालतील अशाच गोळ्या देतात.

गोळीच्या जोडीला हेही करा. खोकला, शिंक आली की टाक्यांवर छोटी उशी हलकेच दाबून धरा. झटक्यात सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या आधाराने बसा. पाजताना बाळाला काखेखाली धरा, म्हणजे त्याचं वजन टाक्यांवर येत नाही. घरातल्या घरात थोडं थोडं चाला. ताज्या टाक्यांवर शेगडीचा शेक, तेल, हळद नको.

आता जिक्रविषयी. निफासमध्ये, म्हणजे बाळंतपणानंतर अंगावरून जात असेपर्यंत, नमाज माफ असते. हनफींमध्ये ही मुदत जास्तीत जास्त 40 दिवस, तर कोकणातल्या शाफईंमध्ये 60 दिवस धरतात. त्यामुळे काहींना वाटतं, या दिवसांत अल्लाहचं नावही घेऊ नये. तसं नाही. जिक्र आणि दुआ चालते.

नाकाने श्वास घ्या. सावकाश सोडताना मनात ‘सुब्हानल्लाह’ म्हणा. बोटांच्या पेरांवर 33 वेळा मोजा. मग 33 वेळा ‘अल्हम्दुलिल्लाह’, 34 वेळा ‘अल्लाहु अकबर’. थकलात तर मध्येच थांबा. श्वास लांबला की आखडलेलं अंग सैल पडतं, मन दुखण्यावरून थोडं हलतं. मोबाइलवर हळू आवाजात तिलावत ऐकली तरी जिवाला बरं वाटतं.

पण ताप आला, टाक्यांतून पू किंवा घाण वास आला, अंगावरून फार जाऊ लागलं, एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर लगेच दवाखाना गाठा. धाप लागली किंवा रक्त थांबेना, तर 108 ला फोन लावा. तेव्हा नुसती दुआ करत बसू नका. टाके दाखवायला संकोच वाटला, तर नर्सताईंना बोलवा, पडदा लावून घ्या. हे मागण्यात लाज कसली?

त्या दिवशी खालांनी स्वतः पाण्याचा पेला आणून सुनेला गोळी दिली. चार दिवसांनी गेले, तर ती बसून बाळाला पाजत होती. एका हाताची बोटं पेरांवर फिरत होती.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत अशी कुणी बाळंतीण असेल, तर तिला आज एवढंच विचारा, “गोळी घेतलीस का गं?”