हिमोफिलिया बी लायडेन: वयात आल्यावर सौम्य होणारा रक्तस्रावाचा आजार

"डॉक्टर, मुलगा मोठा झाला की हा आजार कमी होईल का?" हिमोफिलिया असलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. बहुतेकांना 'नाही' असेच उत्तर द्यावे लागते. पण हिमोफिलिया बीच्या एका दुर्मीळ प्रकारात उत्तर 'हो, बऱ्याच अंशी' असे असते. असे का होते, हे यकृतातील जनुकांच्या अभ्यासातून समजले.

फॅक्टर ९ आणि यकृत

रक्त गोठण्यासाठी लागणारे फॅक्टर ९ हे प्रथिन यकृतात तयार होते. ते कमी पडले की हिमोफिलिया बी होतो. प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि ५ ते ४० टक्के असेल तर सौम्य समजतात. तीव्र आजारात मार न लागताही सांध्यांत व स्नायूंत रक्तस्राव होतो. या प्रथिनाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आजार मुख्यतः मुलांमध्ये दिसतो.

फॅक्टर ९ चे जनुक त्वचेच्या पेशीतही असते, मग ते प्रथिन यकृतातच का बनते? प्रत्येक जनुकाच्या सुरुवातीला डीएनएचा एक भाग असतो, त्याला 'प्रोमोटर' म्हणतात. तो विजेच्या बटणासारखा असतो. त्यावर ठरावीक प्रथिने येऊन बसली की जनुक चालू होते. फॅक्टर ९ चे बटण चालू करणारी प्रथिने यकृताच्या पेशींत भरपूर असतात.

बटणातला बिघाड

बहुतेक रुग्णांमध्ये दोष जनुकाच्या मुख्य भागात असतो, त्यामुळे फॅक्टर ९ बनतच नाही किंवा सदोष बनते. १९७० मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथील डॉक्टरांनी एका वेगळ्या कुटुंबाची नोंद केली. तेथील मुलांना लहानपणी तीव्र हिमोफिलिया होता, पण वयात आल्यावर त्यांच्या रक्तातील फॅक्टर ९ वाढत गेले. अशा रुग्णांत ते १ टक्क्याखालून ३० ते ६० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते.

पुढे समजले की या रुग्णांमध्ये जनुक ठीक असते, बिघाड बटणात असतो. रेणवीय जीवशास्त्रज्ञ मर्लिन क्रॉसली यांनी ऑक्सफर्डमध्ये जॉर्ज ब्राउनली यांच्यासोबत यावर काम केले. डीएनएतील एका अक्षराच्या बदलामुळे यकृतातील एक प्रथिन प्रोमोटरवर बसू शकत नाही, हे त्यांनी १९९० मध्ये दाखवले. १९९२ मध्ये त्यांना त्याच प्रोमोटरवर पुरुष संप्रेरकांना प्रतिसाद देणारी जागा सापडली. वयात येताना ही संप्रेरके वाढतात आणि कमजोर बटणाला दुसरीकडून जोर मिळतो. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील त्यांच्या गटाने या आजारात वारंवार आढळणाऱ्या आणखी काही बदलांचा उलगडा केला.

सगळेच बदल सारखे नसतात. 'ब्रँडेनबर्ग' नावाच्या प्रकारात संप्रेरकांची जागाही बिघडलेली असते, म्हणून वयात आल्यावरही सुधारणा होत नाही. त्यामुळे नेमका कोणता बदल आहे हे कळणे महत्त्वाचे असते.

तुम्ही काय करावे?

- आईकडच्या नात्यात, म्हणजे मामा किंवा आईच्या वडिलांना, लहानपणी रक्तस्रावाचा त्रास होता आणि मोठेपणी कमी झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- जनुक तपासणी करताना प्रोमोटरचा भाग तपासला आहे का, हे विचारा.
- निदान झाले तरी लहानपणी आजार तीव्रच असतो. फॅक्टरचे उपचार स्वतःहून बंद करू नका.
- वयात येण्याच्या काळात फॅक्टर ९ ची पातळी डॉक्टर सांगतील तशी पुन्हा तपासून घ्या. उपचार किती कमी करायचे, हे त्या आकड्यांवर ठरते.
- 'लवकर बरा होईल' म्हणून मुलाला पुरुष संप्रेरके देऊ नका. त्यांमुळे हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते.
- मोठेपणी त्रास नसला तरी शस्त्रक्रिया किंवा दात काढण्यापूर्वी आजाराची माहिती द्या. ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
- बरे झालेल्या पुरुषाच्या मुलींकडे हा बदल जातोच. त्यांच्या मुलांना लहानपणी आजार होऊ शकतो, म्हणून लग्नानंतर किंवा गरोदरपणापूर्वी जनुकीय सल्ला घ्यावा.

इतर रुग्णांना काय उपयोग?

यकृतातच चालू होणाऱ्या बटणांचे ज्ञान आता उपचारांतही वापरले जाते. हिमोफिलिया बीच्या ज्या जनुकोपचाराला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, त्यात फॅक्टर ९ च्या जनुकाला यकृतापुरते चालणारे बटण जोडलेले असते. हा उपचार प्रौढांसाठी असून अतिशय महाग आहे. त्यामुळे आज तरी बहुतेक मुलांसाठी वेळेवर फॅक्टर देणे, सांधे जपणे आणि हिमोफिलिया केंद्रात नियमित तपासणी करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. मुलाची फाइल जपून ठेवा आणि पुढच्या भेटीत जनुक तपासणीचा विषय नक्की काढा.