करंट नसला तरी डाख लागतो: बिनविजेचं सोल्डरिंग आयर्न घरी कसं करायचं?

बेळगाव-खानापूर भागात ‘करंट गेला’ म्हणतात, कोल्हापूरकडे ‘लाईट गेली’ आणि इंदूरकडे ‘बत्ती गुल’. शब्द वेगळे, अडचण एकच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांतल्या कित्येक गावांनी काळोखात रात्री काढल्या. अशा वेळी घरात आधार असतो तो सोलर कंदिलाचा, टॉर्चचा, नाहीतर जुन्या रेडिओचा. आणि नेमकी तेव्हाच कंदिलाच्या आतली एखादी तार सुटते. काम दोन मिनिटांचं असतं. सोल्डर वायर घरात असते, सोल्डरिंग आयर्नही असतं. पण त्याची पिन लावायची कुठे?

याचं उत्तर नवं नाही. सोनार, तांबट आणि पत्र्याचे डबे-कंदील दुरुस्त करणारे कारागीर वीज येण्याच्या कितीतरी आधीपासून डाख लावत आले आहेत. गल्लीत येणारा कल्हईवालाही भाता, कोळसा, कथील आणि नवसागर एवढ्यावरच काम करायचा. डाखाला वीज लागत नाही, उष्णता लागते. ती साठवायला तांब्याचा एक तुकडा पुरतो.

तांबंच का?

बाजारात मिळणाऱ्या ६०/४० सोल्डर वायरमध्ये ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं. ती १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. बिनशिशाच्या सोल्डरला साधारण २२० ते २३० अंश लागतात. सांध्याच्या तारा उष्णता ओढून घेतात, म्हणून टोक याहून बरंच जास्त, ३०० ते ४०० अंश, तापलेलं असावं लागतं.

तांबं उष्णता झटकन वाहून नेतं, लोखंडाच्या जवळपास पाचपट. त्यामुळे मागच्या जाड भागात साठलेली उष्णता लगेच टोकाला पोचते. ६० ग्रॅमचा तांब्याचा तुकडा ४०० अंशांवरून २५० अंशांवर उतरताना सुमारे ३,५०० ज्यूल उष्णता सोडतो. २५ वॉटच्या विजेच्या आयर्नला तेवढी उष्णता द्यायला सव्वादोन मिनिटं लागतात. यातली बरीच हवेत जाते हे खरं, तरी दोन-चार सांधे एका तापवणीत सहज होतात.

काय काय लागतं?

१०-१२ मिलिमीटर जाडीची आणि ५-६ सेंटिमीटर लांबीची तांब्याची सळी भंगारवाल्याकडे मिळते. घेताना चुंबक लावून बघावं. काही अर्थिंगच्या सळ्या आतून लोखंडी असतात, वरून फक्त तांब्याचा थर असतो. चुंबक चिकटलं तर ती सळी नको. जुन्या केबलचं तांबं घेतलं तर वरचं प्लास्टिक सुरीने सोलून काढावं. ते जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो.

दांड्यासाठी साधारण ३० सेंटिमीटरची लोखंडी सळी किंवा पट्टी आणि तिच्या मागे लाकडी मूठ. दांडा लोखंडाचाच हवा, कारण तांब्याचा केला तर मुठीपर्यंत चटका येतो. सोबत एक कानस, राळ आणि ओलं सुती फडकं.

बनवायचं कसं?

आधी सळीचं एक टोक कानशीने घासून चौकोनी निमुळतं करायचं, पेन्सिलच्या टोकाइतकं बारीक नाही, थोडं बोथट. बारीक टोक लगेच गार होतं. मग लोखंडी पट्टी वाकवून सळीच्या मागच्या भागाला मिठी मारल्यासारखी बसवायची आणि बांधकामाच्या साध्या काळ्या बाइंडिंग तारेने पक्कडीने पिळून आवळायची. जस्त चढवलेली पांढरी तार इथे वापरू नये. ती तापली की जस्ताचा धूर नाकात जातो. गावात लोहार असेल तर त्याच्याकडून भोक पाडून रिव्हेट मारून घेतलेलं उत्तम, ते हलत नाही.

यानंतरची पायरी बरेचजण गाळतात आणि मग ‘सोल्डर चिकटतच नाही’ म्हणून वैतागतात. टोकाला आधी कल्हई करावी लागते. टोक घासून लख्ख करायचं, तापवायचं, राळेत टेकवायचं आणि लगेच सोल्डर लावायचा. टोक चारही बाजूंनी चांदीसारखं चमकलं की हत्यार तयार. काळ्या पडलेल्या तांब्यावर सोल्डर गोळी होऊन घरंगळतो, कारण मध्ये गंजाचा थर असतो. राळ तो थर काढते.

तापवायचं कसं, ओळखायचं कसं?

कोळशाची शेगडी, स्टोव्ह किंवा गॅसची निळी ज्योत चालते. मेणबत्ती आणि समईचं काम नाही, त्यांच्या पिवळ्या ज्योतीने नुसती काजळी धरते. ज्योतीत तांब्याचा मागचा जाड भाग धरायचा, टोक बाहेर ठेवायचं. टोकच आगीत धरलं तर कल्हई जळते.

इथे थर्मामीटर नसतो, डोळ्यांवरच भिस्त. तांब्याभोवती ज्योतीला हिरवट झाक आली की बाहेर काढायचं, ही कारागिरांची जुनी खूण. तांबं लाल दिसायला लागलं तर ते फारच तापलं. गार करून, घासून पुन्हा कल्हई करावी लागते. टोक ओल्या फडक्यावर एकदा पुसून सोल्डर टेकवावा. चटकन वितळून चमकला तर ठीक. लापशीसारखा झाला तर टोक गार आहे.

डाख लावताना तारा आधी पिळून घट्ट कराव्यात. मग टोक तारेला लावायचं आणि सोल्डरही तारेलाच लावायचा. टोकावर सोल्डर वितळवून वरून थापला तर सांधा वरवर दिसतो, पण आतून सुटा राहतो. सोल्डर गोठेपर्यंत तार हलवू नये.

अशी दोन हत्यारं केली तर एक तापत असताना दुसऱ्याने काम करता येतं. बारीक कामासाठी जाड तांब्याची तार सळीवर पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळून तिचं टोक दीड सेंटिमीटर पुढे काढायचं आणि त्यालाही कल्हई करायची. सळी उष्णता साठवते, तार ती नाजूक जागी पोचवते. कंदिलाची किंवा रेडिओची तार जोडायला एवढं पुरतं. मोबाइलच्या सर्किटला मात्र या हत्याराने हात लावू नये.

हे मात्र करू नका

काम करण्याआधी बॅटरी सोडवून ठेवावी. लिथियम सेलवर थेट डाख लावणं धोक्याचं, तो पेट घेऊ शकतो. घराच्या वायरिंगचे सांधेही याने जोडू नयेत. पेट्रोल किंवा डिझेलची टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते. तिच्याजवळ हे हत्यार नेऊ नये.

कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. राळेच्या धुराने दम्याच्या माणसाला त्रास होतो, म्हणून हवा खेळती हवी.

सोल्डरमधलं शिसं पोटात जाऊ नये यासाठी स्वयंपाकाच्या शेगडीवर हे काम करू नये, लहान मुलांना लांब ठेवावं आणि नंतर साबणाने हात धुवावेत. जेवणाचं भांडं किंवा पाण्याची घागर या सोल्डरने कधीच सांधू नये. भांड्यांना कल्हई करतात ती निव्वळ कथलाची. दोन्ही सारखंच चमकतं, पण एकात शिसं आहे.

नवसागर आणि पत्र्याच्या कामाचं ॲसिड सर्किटसाठी वापरू नये, तार काही दिवसांत हिरवी पडून कुजते. तिथे राळच बरी.

हे हत्यार वीज गेल्यावर करायला बसलं तर उशीर झालेला असतो. पाऊस लागायच्या आधी ते करून, भंगारातल्या तारांवर दहा-वीस सांधे लावून हात बसवावा. मग राळ, सोल्डर आणि फडक्यासह डब्यात घालून कंदिलाशेजारी ठेवावं.